विश्लेषण : धूर दिसत नसला, तरी अंघोळीचा बंब जीवघेणा कसा ठरू शकतो?

थंडीच्या दिवसांत कुरुंदवाडमध्ये पहाटे कृष्णा-पंचगंगेवरून धुके चढते आणि त्यात परड्यापरड्यांतल्या बंबांचा धूर मिसळतो. स्वयंपाकघरात गॅस आला, तरी अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब किंवा बाहेरची चूल शिरोळ तालुक्यातील अनेक घरांनी सोडलेली नाही. शेतातले जळण फुकट मिळते, वीज गेली तरी पाणी तापते आणि एकदा पेटवलेल्या बंबावर साऱ्या घराच्या अंघोळी उरकतात. मात्र जळण कसे वाळवले, बंब कुठे ठेवला आणि निखारे कधी बाहेर काढले, यावर खर्चाबरोबरच घरातल्यांचा जीवही अवलंबून असतो.

बंब काम कसा करतो?

बंब म्हणजे मधून धुराची नळी गेलेले तांब्या-पितळेचे उभे भांडे. नळीभोवती पाणी, तळाशी जळणाची जाळी आणि तिच्याखाली राख पडण्याची जागा, अशी त्याची रचना असते. जाळीखालून थंड हवा आत शिरते, जाळ नळीतून वर चढतो आणि जाताना चारही बाजूंच्या पाण्याला उष्णता देतो. उघड्या चुलीवरच्या हंड्याला केवळ बुडाकडून आणि थोडी कडेने आच लागते. बंबात पाणीच जाळाला वेढून असते. म्हणून चांगला बंब कमी जळणात पाणी तापवतो. त्यासाठी खालून हवा मोकळी यायला हवी आणि वरून धूर मोकळा जायला हवा. जाळी राखेने बुजली किंवा नळीत काजळी साचली, की बंब धुमसू लागतो. पाणी भरल्याशिवाय बंब कधीही पेटवू नये. रिकाम्या बंबाचे डाग वितळून सांधे सुटतात.

धूर म्हणजे नेमके काय?

लाकूड थेट जळत नाही. आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. मग तापलेल्या लाकडातून ज्वलनशील वायू सुटतात आणि हे वायू पेटतात, तीच ज्वाळा. शेवटी उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. आच कमी पडली किंवा हवा अपुरी मिळाली, तर सुटलेले वायू न जळताच वर निघून जातात. डोळ्यांत जातो तो धूर हाच. म्हणजे धूर हे न जळलेले जळण आहे. ज्या बंबाचा धूर जास्त, त्याचे जळणही जास्त. घराची हवा चांगली ठेवणे आणि जळण वाचवणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

ओल्या जळणाने किती नुकसान होते?

वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २.१ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण १५ मेगाज्यूल असतात. सगळी उष्णता पाण्याला मिळाली, तर दीडशे ग्रॅमपेक्षा कमी लाकूड पुरेल. पाण्यापर्यंत तिचा चौथा हिस्साच पोहोचला, तरी अर्ध्या किलोहून थोडे अधिक लागेल. एका बादलीला त्यापेक्षा बरेच जास्त जळण जात असेल, तर ते धुरातून आणि धुराड्यातून वाया जात आहे, असे समजावे.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल खर्ची पडतात. म्हणजे दोन किलो ओले जळण घातले, तर एक बादली तापवण्यापेक्षा जास्त उष्णता लाकडातले पाणी उडवण्यातच जाते. शिवाय आच उतरल्याने धूर वाढतो, तो वेगळाच. वखारीतून वजनावर ओले लाकूड घेणारा निम्मे पैसे पाण्याचे मोजत असतो.

जळण वाळले आहे हे कसे ओळखावे?

वाळलेल्या लाकडाच्या टोकांना चिरा पडतात, साल सहज सुटते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. शंका असेल तर एक फोड वजन करून आठवडाभर उन्हात ठेवावी आणि पुन्हा वजन करावे. वजन बरेच उतरले, तर बाकीचा ढीगही ओला आहे. लाकूड आधी फोडावे, मग रचावे, कारण अख्खे ओंडके आतून लवकर वाळत नाहीत. दिवाळीनंतर फोडलेल्या जळणाला मृगापर्यंत सगळा उन्हाळा मिळतो. ढीग जमिनीपासून वर, फळ्यांवर किंवा विटांवर रचावा. वर पत्रा असावा, बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. ताडपत्रीत गुंडाळलेले जळण आतल्या आत कुबट होते.

नदीकाठच्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने परड्यात आणि घरात शिरलेले पाणी पाहिले आहे. पुरात भिजलेले जळण वरून वाळलेले दिसले, तरी आतून ओले राहते. पाण्याखाली गेलेल्या बंबाच्या नळीत आणि धुराड्यात गाळ अडकलेला असू शकतो. नळी आरपार मोकळी आहे याची खात्री केल्याशिवाय असा बंब पेटवू नये.

खरा धोका निखाऱ्यांचा का?

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस बाहेर पडतो. निखाऱ्यांना धूर नसतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. जाळ शांत झाला, आता धूर नाही, म्हणून न्हाणीचे दार आणि झरोका लावून घेतला जातो. नेमकी तीच वेळ घातक असते. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, त्यामागेही बहुधा हाच वायू असतो.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ आणि हातापायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे. ताप नसताना घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले, तर ते पित्त समजून अंगावर काढू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबणेही चूक. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक साध्या यंत्राला कळत नाही. रुग्ण अत्यवस्थ असतानाही आकडा चांगला दिसू शकतो. अशा वेळी दारे-खिडक्या उघडून रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, १०८ वर फोन करावा आणि घरात बंब किंवा शेगडी पेटलेली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर हा वेळ साधारण एक-दीड तासावर येतो.

हाच धोका बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीला आहे. शेक द्यायचाच असेल, तर शेगडी बाहेर पेटवावी, खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि शेक संपताच निखारे बाहेर न्यावेत. रात्रभर शेगडी खोलीत ठेवून झोपू नये. अर्भकांना आणि गर्भवतींना हा वायू जास्त बाधतो.

बंब कुठे ठेवावा, कसा पेटवावा?

सर्वांत सुरक्षित जागा परड्यातली, पत्र्याच्या आडोशाखालची. पाणी बादलीने न्हाणीत न्यावे. बंब न्हाणीतच असेल, तर धुराडे छपराच्या वर, शक्य तितके सरळ न्यावे. ते लाकडी वाशांना किंवा प्लास्टिकच्या पत्र्याला टेकू देऊ नये. वरचा झरोका कायम उघडा हवा. अंघोळीला जाण्याआधी निखारे बाहेर काढलेले असावेत.

पेटवताना आधी राख झाडून जाळी मोकळी करावी. खाली उसाचा वाळका पाला किंवा चिपाडे, वर काटक्या आणि त्या धरल्या की मनगटापेक्षा बारीक बंबफोड, असा क्रम ठेवावा. एकदम ठासून भरू नये, थोडेथोडे घालावे. बाभळीसारखे जड लाकूड बराच वेळ जळते. पाला आणि चिपाडे लगेच भडकतात आणि ठिणग्या उडवतात, म्हणून ती पेटवण्यापुरतीच वापरावीत. निखाऱ्यांवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये, तापलेल्या वाफेचा भडका थेट तोंडावर येतो. प्लास्टिक, टायरचे तुकडे, रंगवलेले लाकूड, प्लायवूड आणि कण्हेरीच्या फांद्या बंबात जाता कामा नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

धुराडे महिन्यातून एकदा तरी झाडावे. साचलेली काजळी पेट घेऊ शकते. काढलेल्या राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत राहतात. ती प्लास्टिकच्या बादलीत किंवा पाल्याच्या गंजीजवळ टाकू नये. पत्र्याच्या डब्यात झाकून, पूर्ण निवल्यावरच परसबागेत थोडी थोडी पसरावी.

उसाच्या पाल्याचा उपयोग होऊ शकतो का?

होतो. पुण्याच्या आरती संस्थेने उसाचा पाला भट्टीत जाळून त्याच्या कोळशाच्या कांड्या करण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. शेतात पेटवून दिला जाणारा पाला त्यामुळे इंधन ठरतो. मात्र कोळसा बिनधुराचा असला, तरी कार्बन मोनॉक्साइड सोडतोच. तो उघड्यावरच वापरावा.

मग बंब सोडूनच द्यावा का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील सुमारे ५९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले. हा आकडा स्वयंपाकाचा आहे, अंघोळीच्या पाण्याचा त्यात समावेश नाही. गॅस असलेल्या घरातही पहाटेचा धूर असतो, तो असा हिशेबाबाहेर राहतो. छपरावर ऊन असेल, तर सौर बंब हा जास्त सुरक्षित पर्याय आहे. तो बसवेपर्यंत तांब्याचा बंब वापरायचा, तर वाळके जळण, मोकळी जाळी, छपराबाहेर गेलेले धुराडे आणि अंघोळीआधी बाहेर काढलेले निखारे या चार गोष्टी रोज पाळाव्या लागतील.