दुष्काळांत रोग कोणकोणत्या वाटांनीं येतो

दुष्काळपीडितांस उदार हस्तानें द्रव्यसाहाय्य करणाऱ्या सद्गृहस्थांची अशी समजूत असते कीं, भुकेल्याच्या पोटांत अन्न गेलें म्हणजे त्याचे प्राण वांचले. ही समजूत अर्धीच खरी आहे. दुष्काळांत निव्वळ उपासानें मरणाऱ्यांपेक्षां रोगानें मरणाऱ्यांची संख्या बहुधा मोठी असते. उपासानें शरीराची प्रतिकारशक्ति खचते, आणि अन्नपाणी शोधीत निघालेलीं माणसें एके ठिकाणीं दाटीनें राहूं लागतात. रोगजंतूंस याहून अधिक काय हवें? मात्र सर्व जंतु एका जातीचे नव्हत, व एका वाटेनेंही येत नाहींत. ज्याची जी वाट ती अडविली, तरच खर्च सार्थकीं लागतो.

पटकीचा जंतु पाण्याच्या वाटेनें येतो. रॉबर्ट कॉख यांस तो इ. स. १८८४ त कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यांत आढळला. रोग्याच्या मळांतून तो विहिरींत उतरतो आणि पोहऱ्यांतून घरोघर जातो. इ. स. १९०० च्या उन्हाळ्यांत गुजराथेंतील पंचमहालच्या दुष्काळी कामांवर पटकी उसळली, तेव्हां भयभीत मजूर काम टाकून गांवोगांव पळाले, आणि जंतुही त्यांच्याबरोबर गेला.

पोटांत शिरल्यावर हा जंतु आंतडें कुरतडीत नाहीं. तो एक विष सोडतो, आणि त्यामुळें शरीरांतील पाणी व क्षार आंतड्यांत पाझरून वाहून जातात. हें विष कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनीं १९५९ त प्रयोगानें दाखवून दिलें. रोगी मरतो तो या शोषानें, आणि केव्हां केव्हां कांहीं तासांतच. परंतु आंतड्याची एक शक्ति या विषानें बिघडत नाहीं: साखर आंत घेतांना तें तिच्याबरोबर मीठ आणि पाणीही ओढून घेतें. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या निर्वासितांची बनगांव येथें दाटी झाली व शिरेंतून द्यावयाचें सलाइन अपुरें पडलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं याच शक्तीचा आधार घेतला. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असें पाणी त्यांनीं रोग्यांस आप्तांकरवींच पाजविलें. शेंकडा ३० च्या सुमाराचें मृत्यूचें प्रमाण ३.६ वर आलें. ग्लुकोज नसेल तर घरची साखरही चालते: एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. व्यापारी मंडळींच्या लक्षांत येईलच कीं, यांत वखारींत नाहीं असें कांहींच नाहीं. त्याजबरोबर विहिरींत ब्लीचिंग पावडर, विहिरीवर एकच ठरीव पोहरा आणि पाण्यापासून दूर शौचकूप, इतकें हवें.

गोंवराची तऱ्हा निराळी. तो विषाणु आहे व खोकल्याशिंकेबरोबर हवेंतून येतो; विहीर कितीही स्वच्छ ठेवा, त्याची वाट अडत नाहीं. त्याला मारणारें खात्रीचें औषध नाहीं, लस मात्र आहे. म्हणून छावणी उभी राहतांच पहिल्या कांहीं दिवसांत मुलांस ती टोंचावी आणि ‘अ’ जीवनसत्त्व द्यावें. उपासलेल्या मुलांत हा साधा वाटणारा रोग फार संहार करतो.

हिंवतापाचा जीव याहूनही वेगळा, परोपजीवी. तो ॲनोफिलीस डांसाच्या मादीच्या दंशानें रक्तांत येतो. डांसांत त्याची वाढ होते हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ त सिकंदराबाद येथें पाहिलें. ज्या पावसाची सर्व मुलूख वाट पाहतो, त्याच पावसाच्या डबक्यांत हे डांस वाढतात, आणि तोंवर माणसें उपासानें पार खचलेलीं असतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत मृत्यूंचा आंकडा शिखरास गेला तो डिसेंबरांत, नवें भात हातीं येत असतांना, आणि त्यांत हिंवतापाचा वांटा फार मोठा होता. यास्तव मच्छरदाण्या, रक्ततपासणी व औषधें यांची तरतूद पहिल्या सरीपासून पीक घरांत आल्यावरही कांहीं आठवडे ठेवावी लागते. वर्गणीची वही मात्र बहुधा पहिल्या पावसाबरोबरच मिटलेली असते.