हिंगण्याच्या माळावरचं शहर

सन १९०० मध्ये धोंडो केशव (अण्णा) कर्व्यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याच्या माळावर हलवला, तेव्हा तिथे जेमतेम एक झोपडी उभी राहिली होती. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून अण्णा संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. ती जागा गावापासून लांब होती. त्याच हिंगणे बुद्रुकचं आज कर्वेनगर झालं आहे आणि पुण्याचा शेवट शोधायचा तर वारजे, शिवणे मागे टाकून कोंढवे-धावड्यापर्यंत जावं लागतं.

हद्द मात्र नेहमी वस्तीच्या मागून आली. वारजे १९९७ मध्ये महापालिकेत आलं, शिवणे-उत्तमनगर २०१७ मध्ये, कोंढवे-धावडे २०२१ मध्ये. प्रत्येक वेळी इमारती आधीच उभ्या होत्या. २००१ च्या जनगणनेत पुणे शहर पंचवीस लाखांचं होतं, २०११ मध्ये एकतीस लाखांचं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे पाण्याचा आणि शाळांचा हिशेब आजही त्या जुन्या आकड्यावर अंदाज चढवून करावा लागतो.

या वाढीचं मूळ गुंठ्यात आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकऱ्याने बांध धरून तुकडे पाडले, मधे रिक्षा जाईल एवढी वाट सोडली आणि गावाकडून आलेल्या माणसाने आयुष्याची पुंजी घालून तो तुकडा घेतला. त्या माणसाला दोष देणं मला पटत नाही; त्याला परवडेल असं घर शहराने दुसरं दिलंच नव्हतं. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं नियमित करण्याची सोय केली, पण वाट रुंद कशी होणार? कर्वेनगरातल्या अशा गल्लीत सकाळी टँकर शिरतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या दुचाकी उचलून सरकवाव्या लागतात, शाळेची व्हॅन तोंडाशी थांबते आणि मुलं दप्तरं सावरत टँकरच्या कडेने निघतात. ॲम्ब्युलन्स आली तर याच वाटेने यायची.

२०२० मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचं ठरवलं, तेव्हा शहरभर वाद पेटला. कारण उघड होतं: रस्ता नऊ मीटर झाला की टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, वापरता येतो आणि जुन्या तीन-चार मजली सोसायटीच्या जागी टॉवर उठतो. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. लिफ्ट नसलेल्या घरात म्हातारपण काढणाऱ्यांना तो हवाच आहे. पण रुंदी वाढली म्हणून जमिनीखालची ड्रेनेज लाइन मोठी होत नाही. परवानगी देताना रस्त्याबरोबर तीही मोजली पाहिजे, आणि एकेका सोसायटीपुरती नव्हे, अख्ख्या गल्लीची.

कोंढवे-धावड्याला हे आजच करता येईल. तिथे अजून मोकळी जमीन आहे; गुंठे पडण्याआधी रस्त्याची आणि ड्रेनेजची आखणी जागेवर झाली, तर पुढे कुणाचं घर पाडावं लागणार नाही.