गाडी कंपनीची, पाठ आपली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नोकरीत गाडी मिळाली, ही बातमी आपल्याकडे पेढे देऊन सांगितली जाते. शेजारी विचारतात, ‘कोणती मिळाली?’ मग रंग विचारतात, लिटरला किती जाते ते विचारतात. तिच्यात बसून चार तास गेले की कसे वाटते, हे मात्र कोणी विचारत नाही. गाडी म्हणजे सुख, हे आपण धरूनच चालतो.

मी पस्तीस वर्षे पंप विकण्याच्या धंद्यात काढली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर हा माझा मुलूख. त्यातली पहिली वर्षे एस.टी.ने, मग मोटारसायकलने आणि पुढची सगळी कंपनीच्या गाडीने गेली. शेवटची काही वर्षे कंपनीसाठी गाड्या खरेदी करणाऱ्या समितीतही मी होतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत आणि एका बाजूला बसून चूकही केली आहे. ती पुढे सांगतो.

आधी एक साधा हिशेब करू. फिरतीवरचा माणूस महिन्याला तीन हजार किलोमीटर गाडी चालवतो असे धरा. वर्षाचे झाले छत्तीस हजार. आपल्या रस्त्यांवर, गावे-नाके धरून, तासाला सरासरी पंचेचाळीस किलोमीटर पडतात. म्हणजे वर्षाला आठशे तास. आठ तासांचा एक दिवस धरला तर कामाचे शंभर दिवस हा माणूस स्टिअरिंगमागे बसलेला असतो. कचेरीत खुर्ची घेताना आपण चार खुर्च्या बसून पाहतो. या माणसाची खुर्ची मात्र त्याला न विचारता ठरते.

गाडी ठरते कशी?

आपल्याकडे कंपनीची गाडी साधारण तीन प्रकारे मिळते. एक, कंपनी स्वतः विकत घेते. दोन, भाडेकराराने, म्हणजे लीजवर घेते आणि तीन-चार वर्षांनी परत करते किंवा बदलते. तीन, गाडी कर्मचाऱ्याची असते आणि कंपनी किलोमीटरमागे पैसे देते. पहिल्या दोन प्रकारांत गाडी बहुधा हुद्द्यावरून ठरते. अमुक श्रेणीला अमुक लाखांपर्यंत, अशी रेघ आखलेली असते. गाडी खासगी कामालाही वापरली तर त्या सोयीचे मूल्य करपात्र उत्पन्नात धरले जाते, म्हणून कर्मचारीही फार मोठ्या गाडीसाठी हट्ट धरत नाही.

यातला विरोधाभास पाहा. हुद्दा जितका वरचा, तितकी गाडी मोठी. पण गाडी चालवण्याचे तास कमी. साहेब आठवड्यातून दोनदा विमानतळावर जातात, तेही बहुतेक वेळा मागच्या सीटवर बसून. खालच्या श्रेणीचा विक्री अभियंता रोज दोनशे किलोमीटर जातो आणि त्याच्या वाट्याला त्या मॉडेलचा सर्वांत साधा प्रकार येतो. शोरूमच्या भाषेत ‘बेस व्हेरिअंट’. इंजिन तेच, पत्राही तोच. पण पुष्कळ मॉडेलांत सीट वर-खाली करायची सोय, स्टिअरिंग झुकवायची सोय, खांद्यावरच्या पट्ट्याची उंची बदलायची सोय नेमकी याच प्रकारातून वगळलेली असते. म्हणजे जो सर्वांत जास्त बसणार, त्याचीच खुर्ची सर्वांत कमी हलणार.

शरीरात काय होते?

उभे राहण्यापेक्षा बसणे आरामाचे, असे आपल्याला वाटते. पायांना ते खरे आहे, कमरेला नाही. स्वीडनचे शल्यचिकित्सक आल्फ नाचेमसन यांनी 1960 च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला. टेकू न घेता बसलेल्या माणसाच्या गादीवर उभ्या माणसापेक्षा जास्त दाब येतो, असे त्यांना आढळले. पुढे 1970 च्या दशकात त्यांचे सहकारी गुन्नार अँडरसन यांनी सीटची पाठ थोडी मागे झुकवून आणि कमरेच्या पोकळीत आधार देऊन पुन्हा मोजमाप केले. दाब कमी झाला. सीटला कमरेशी फुगवटा का हवा, याचे उत्तर त्यात आहे.

गाडीत बसण्याला दुसरी एक बाजू आहे, ती म्हणजे कंपन. झोक्यावरच्या मुलाला योग्य वेळी बोटाने ढकलले तरी झोका उंच जातो. वेळ चुकली तर जोर लावूनही जात नाही. प्रत्येक वस्तूची अशी आपली एक लय असते. बसलेल्या माणसाच्या धडाची उभ्या दिशेतली ही लय सेकंदाला साधारण चार ते आठ हेलकाव्यांच्या पट्ट्यात येते. रस्त्यावरून सीटमार्फत येणारे हादरे नेमके या लयीचे असले की शरीर ते शोषून न घेता वाढवते. पाठीचे स्नायू ते थोपवण्यासाठी सतत ताठ राहतात आणि थकतात. युरोपीय संघाने 2002 साली कामगारांच्या कंपनाविषयी निर्देश काढला, तो याच कारणासाठी. आठ तासांच्या कामात शरीराला पोहोचणारे कंपन किती झाले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि कोणत्या मर्यादेपुढे जाऊच द्यायचे नाही, असे दोन आकडे त्यात ठरवून दिले आहेत.

याचा परिणाम आजारात दिसतो का? 1975 साली अमेरिकेत जेनिफर केल्सी आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहन चालवण्यात घालवणाऱ्या पुरुषांना कमरेची गादी सरकण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला. 2002 साली ब्रिटनमध्ये मार्क पोर्टर आणि डायन गाय यांनी मोटारचालकांच्या दुखण्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जास्त मैल चालवणाऱ्यांत तक्रारी जास्त, हे अपेक्षितच होते. महत्त्वाचे निरीक्षण पुढे आहे. ज्यांच्या गाडीत सीट आणि स्टिअरिंग आपल्या मापाने बसवून घेण्याच्या सोयी जास्त होत्या, त्यांच्यात दुखणी कमी होती. गाडी महाग की स्वस्त, यापेक्षा ती आपल्या अंगाला जुळवता येते की नाही, ही गोष्ट मोलाची ठरते.

माझी सही

आता ती चूक सांगतो. 2011 साली आम्ही बत्तीस गाड्या एकदम घेतल्या. एकाच मॉडेलचे दोन प्रकार समोर होते. वरच्या प्रकारात चालकाची सीट वर-खाली होत होती, स्टिअरिंग झुकत होते, हेडरेस्ट हलत होते. खालच्यात यातले काही नव्हते. फरक गाडीमागे काही हजारांचा. पण बत्तीसने गुणल्यावर तो आकडा मोठा दिसला. मी खालच्या प्रकारावर सही केली. बचतीबद्दल माझे कौतुकही झाले.

आमच्या एका सहकारी अभियंत्या बाईंची उंची पाच फुटांच्या आत. बॉनेटपुढचा रस्ता दिसावा म्हणून त्या उशी घेऊन बसत. ब्रेक लावला की उशी सरकायची, आणि पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर यायचा. दुसरे एक सहकारी सहा फुटांचे. त्यांचा गुडघा स्टिअरिंगखाली घासायचा, म्हणून ते कंबर पुढे ओढून, पाठीचा कमान करून बसत. दोघांनीही कधी अर्ज केला नाही. कंपनीने गाडी दिली आहे, तर तक्रार काय करायची, असे त्यांना वाटले असावे.

तिसऱ्या वर्षी त्या सहा फुटी गृहस्थांची गादी सरकली. सहा आठवडे ते घरी होते. पाठीचे दुखणे एका कारणाने होत नाही. केवळ त्या सीटने झाले असे मी म्हणणार नाही. पण मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सहज विचारले, ‘साहेब, गाड्या निवडताना कोणी त्यात बसून पाहिले होते का?’ आम्ही किंमत पाहिली होती, इंधनाचा खर्च पाहिला होता, परत विकताना काय येईल तेही पाहिले होते. बसून कोणी पाहिले नव्हते. त्यांचे सहा आठवड्यांचे वेतन, बुडालेला हंगाम आणि नंतर त्यांची फिरती बंद झाली, हे सगळे मांडले तर माझी बचत कुठे उरली नाही.

निवडताना काय पाहावे?

तुम्हाला निवडीची संधी असेल तर शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीवर जाऊ नका. मऊ सीट दहा मिनिटे सुखाची वाटते. दोन तासांनी कंबर तिच्यात रुतते. निदान तासभर गाडी मागून घ्या आणि आपल्या रोजच्या रस्त्यावरून, खड्डे आणि गतिरोधक धरून चालवा. ज्यांच्याकडे ते मॉडेल वर्षभर आहे त्यांना विचारा.

पहिली मागणी करा ती सीटची उंची, स्टिअरिंग आणि पट्टा जुळवता येण्याची. पडदा, गाणी, काचेचे छत यांचा नंबर त्यानंतर लागतो. मोठी चाके आणि पातळ टायर दिसायला छान, पण टायरची बाजू जितकी बुटकी तितका खड्डा थेट अंगावर येतो. शहराच्या गर्दीत काम असेल तर क्लचविना चालणारी गाडी डाव्या गुडघ्यासाठी खरी गरज ठरते. सेलेरिओमधून 2014 साली स्वस्तातली एएमटी आपल्या बाजारात आली, तेव्हापासून ही सोय केवळ महागड्या गाड्यांपुरती राहिलेली नाही.

सुरक्षितता आरामापासून वेगळी काढू नका. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. कंपनीत त्याआधीची गाडी फिरत असेल तर तिच्यात ती आहे का, ते पाहून घ्या. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही धडक-चाचणी सुरू झाली आहे. ज्या मॉडेलची चाचणी झाली आहे, त्याचे तारे निवडीपूर्वी पाहता येतात.

मिळाली तीच गाडी असेल तर

बहुतेकांना निवड नसते. त्यांनी निदान दोन मिनिटे देऊन सीट लावून घ्यावी. मागच्या खिशातले पाकीट आधी काढा. त्यावर बसले की कंबर रोज तिरकी राहते. मग पार मागे सरकून बसा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीटची पाठ काटकोनापेक्षा जराशी मागे घ्या. खांदे टेकलेले ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकले पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅगला फुगायला जागा लागते. हेडरेस्टचा माथा आपल्या डोक्याच्या माथ्याला आणा. कमरेशी पोकळी राहत असेल तर गुंडाळलेला पंचा पुरतो. टायरमधली हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे ठेवा. जास्त भरली की हादरे वाढतात.

सगळ्यात चांगली सीटसुद्धा दोन तासांनंतर कमी पडते, कारण शरीराला हालचाल हवी असते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटे थांबण्याचा सल्ला आहे. आपल्याकडे 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. अशा सरळ, मोकळ्या रस्त्यावर थांबावेसे वाटत नाही, आणि डुलकी तिथेच लागते. दुपारी जेवणानंतर आणि पहाटे तर विशेष सांभाळा. आणखी एक: मुक्कामी पोहोचल्याबरोबर डिकीतून नमुन्यांची जड पेटी उचलू नका. बराच वेळ बसल्यावर कंबर लगेच भार घ्यायला तयार नसते. आधी चार पावले चाला, मग उचला.

शेवटचे मागणे

गाडी खरेदी करणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. हुद्द्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: वर्षाला किती किलोमीटर. ज्याचा आकडा मोठा, त्याला जुळवून घेता येणारी सीट आधी द्या. आणि यादीवर सही होण्यापूर्वी तुमच्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगणा, अशा दोघांना त्या गाडीत बसवून पाहा.

त्या बाईंना पुढच्या खेपेला वर-खाली होणारी सीट मिळाली. पहिल्या फेरीहून आल्यावर त्यांनी ती उशी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, ‘ही आता तुमच्या खुर्चीला ठेवा.’ मी ती निवृत्त होईपर्यंत जपून ठेवली होती.