भातपिकाचे जलमज्जन आणि एथिलीनचा संकेत

आंब्याच्या अढीतील एक फळ पिकू लागले की त्यामागोमाग इतरही पिकू लागतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पिकणाऱ्या फळातून एथिलीन हा वायू बाहेर पडतो. तो पेंढ्यात कोंडून राहतो व शेजारच्या फळांना पिकण्याची चालना देतो. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वायूमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ विकृत होते व त्यास त्यातील एथिलीन कारण आहे, असे नेल्युबॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये दाखविले. वनस्पती स्वतःच हा वायू निर्माण करतात याचे रासायनिक प्रमाण इंग्लंडमध्ये गेन यांनी १९३४ मध्ये दिले. पुढे एथिलीनची गणना वनस्पतींच्या संप्रेरकांत होऊ लागली.

याच वायूचे दुसरे एक कार्य भाताच्या शेतात दिसून येते. वनस्पतीला मज्जासंस्था नाही. मग पुरात बुडालेल्या रोपाला आपण बुडालो आहोत हे कळते कसे? वायूंचे विसरण हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट मंद गतीने होते. एरवी पानांतून सहज निसटून जाणारे एथिलीन अशा वेळी बाहेर पडू शकत नाही व ऊतकांत साचत जाते. हा संचय हीच रोपाला मिळणारी पुराची वर्दी होय.

परंतु या वर्दीला सर्व भात एकच उत्तर देत नाहीत. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या सखल प्रदेशात पाणी कित्येक महिने साचून राहते. तेथील खोल पाण्याच्या भातात एथिलीनमुळे अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण घटते, जिबरेलिनचा प्रभाव वाढतो आणि कांडी झपाट्याने लांबतात. ही वाढ दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत होऊ शकते व त्यामुळे पानांचे शेंडे पाण्याबाहेर राहतात. या गुणास कारणीभूत असलेली स्नॉर्केल-१ व स्नॉर्केल-२ ही जनुके जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली.

याउलट जेथे पूर आठ-पंधरा दिवसांत ओसरतो तेथे अशी वाढ घातक ठरते. साठविलेली शर्करा वाढीतच खर्ची पडते आणि पाणी उतरल्यावर लांबलेले दुर्बल रोप आडवे होते. ओडिशातील एफआर १३ ए हा भात निराळा मार्ग धरतो. तो पाण्याखाली वाढ जवळजवळ थांबवितो, शर्करा राखून ठेवतो आणि पूर ओसरताच पुन्हा वाढू लागतो. त्यामागील सब-१ ए हे जनुक २००६ मध्ये उजेडात आले. एथिलीनमुळे ते कार्यान्वित होते व जिबरेलिनला आवर घालणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढविते.

विशेष असे की स्नॉर्केल व सब-१ ए यांपासून बनणारी प्रथिने एकाच कुळातील आहेत आणि तरीही त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत. यावरून संप्रेरकांविषयी एक महत्त्वाचे तत्त्व स्पष्ट होते. ‘वाढ’ किंवा ‘थांब’ अशी आज्ञा संप्रेरकात मुळीच नसते. तो केवळ संकेत होय. त्याचा अर्थ ग्रहण करणाऱ्या पेशींतील जनुकांवर अवलंबून असतो.

या ज्ञानाचा व्यवहारातही उपयोग झाला आहे. एफआर १३ ए या वाणाचे उत्पन्न कमी. म्हणून फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत त्याचा हा एकच गुण संकराने ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात आणण्यात आला. ‘स्वर्णा-सब-१’ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे पूर्णपणे बुडूनही तो तग धरू शकतो. तथापि पाणी महिनोन्‌महिने साचून राहत असेल तेथे त्याचा उपयोग नाही. तेथे उंच वाढणारा भातच हवा. यास्तव बियाणे निवडण्यापूर्वी आपल्या शेतात पाणी किती दिवस राहते, हे शेतकऱ्याने प्रथम पाहणे अगत्याचे आहे.