पंक्चर न होणारा टायर घेताय? आधी जुनी ट्यूब बघा

तुडील (ता. महाड) : पातळ चाकाची, वाकड्या हँडलची रेसर सायकल आता खाडीपट्ट्यात नवलाची राहिलेली नाही. कुणी मुंबईहून जुनी आणतो, कुणी हप्त्यावर नवी घेतो. पण तुडीलहून रावढळमार्गे महाडला निघालं आणि मधेच चाक बसलं की सगळी हौस फिटते. कॉलेजचा पहिला तास गेला, नाहीतर कंपनीतली हजेरी गेली. पंक्चरचं दुकान सापडलं तरी तिथल्या पंपाचं तोंड या बारक्या व्हॉल्व्हला बसत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो, "केव्हलारचा टायर टाक, पंक्चरचं नावच नको."

सल्ला अर्धाच खरा आहे. परदेशी कंपनीच्या चांगल्या दोन टायरना काही हजार रुपये जातात. ते मोजण्याआधी एक फुकटचं काम करा. पंक्चर झालेली ट्यूब बाहेर काढताना तिची रस्त्याकडची बाजू कोणती, ते पेनाने खूण करून ठेवा. मग हवा भरून पाण्यात बुडवा आणि भोक कुठे आहे ते बघा.

रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काहीतरी टोचलंय. जवळजवळ दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर टोचलेलं काही नाही. चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली गेली. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक घासतंय. ही पट्टी थोड्या पैशांत मिळते. तिथे महागडा टायर टाकून काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हा भरपूर. भात कापून झालं की वाल-पावट्याच्या वाफ्यांना वई घालायला करवंदीच्या, बोरीच्या काट्या तोडून आणतात, त्यातले काटे रस्त्यावर पडतात. काळ्या दगडाची नवी खडी फुटलेल्या काचेसारखी धारदार असते. महामार्गावर फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा असतात, त्या दिसतही नाहीत. आणि खड्ड्यांबद्दल महाड-पोलादपूरच्या माणसाला वेगळं काय सांगायचं!

टोचण्याचा त्रास असेल तर टायरच्या आत संरक्षक पट्टा असलेला टायर कामाचा. रस्त्याला लागणाऱ्या रबराच्या खाली हा पट्टा असतो. काही कंपन्या केव्हलारसारख्या चिवट धाग्याचा विणलेला पट्टा घालतात. हा धागा १९६५ मध्ये अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला, बुलेटप्रूफ जॅकेटमध्येही तो वापरतात. काँटिनेंटलच्या गॅटरस्किन टायरमध्ये विणलेल्या पट्ट्याबरोबर टायरच्या बाजूंनाही जाळीचं संरक्षण आहे. खडीने बाजू चिरते अशा रस्त्याला ते बरं. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तर ५ मिलिमीटर जाड लवचिक रबराचा थर असतो. काटा त्यातच अडकतो. पण हा टायर साध्या रेसर टायरच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायची हौस असेल तर पायांना ते लगेच कळेल. रोज कामावर जाणाऱ्याला मात्र मी हाच सांगेन. ट्रक टायरची बारीक तार विणीच्या फटीतून कधीकधी आत जातेच, हे धरून चाला.

त्रास चेपण्याचा असेल तर पट्टा काही करू शकत नाही. तिथे हवा आणि रुंदी. रेसरवर बहुतेक वेळा २५ मिलिमीटरचा टायर असतो. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ चा घ्या, ३२ चा बसला तर उत्तमच. टायर रुंद झाला की आत हवा जास्त मावते आणि रिम खाली टेकत नाही. साधारण ६५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये मागे ७० ते ८० पीएसआय पुरते. टायरच्या बाजूला लिहिलेला सर्वात मोठा आकडा ओलांडू नका. या पातळ ट्यूबमधून हवा आपोआप कमी होत जाते, म्हणून आठवड्याला बघायचीच. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही, मीटरचा पंप लागतो.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती साइजमध्ये. आजोबांच्या काळ्या सायकलीवर २८ लिहिलेलं असतं, रेसरलाही दुकानदार २८ म्हणतो. पण त्या सायकलीच्या २८ × १½ टायरच्या आतल्या गोलाचा व्यास ६३५ मिलिमीटर, आणि रेसरच्या ७०० सी टायरचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला बसणार नाही. लेडीज सायकलीचा २६ × १⅜ म्हणजे ५९०, आणि जाड टायरच्या माउंटन सायकलीचा २६ म्हणजे ५५९. ऑनलाइन मागवताना जुन्या टायरवरचा "२५-६२२" असा आकडा वाचा, इंचांवर जाऊ नका.

एकाच टायरचे पैसे असतील तर पट्ट्याचा टायर मागे टाका. वजन मागे असतं, पंक्चरही तिथेच जास्त होतात. मात्र झिजलेला टायर पुढे ठेवू नका. पुढचा टायर उतारावर फुटला तर सायकल सावरत नाही.

पावसात पंक्चर वाढतात, तो काही भास नाही. ओलं रबर काच आणि खडीने लवकर कापलं जातं. घरी आलं की चाक हळू फिरवून टायरमध्ये रुतलेले कण काढून टाका. आजचा रुतलेला खडा चार दिवसांनी आत पोचतो. ट्यूबलेस आणि आत पांढरं औषध हा प्रकार चांगला आहे, पण त्याला तशीच रिम लागते, औषध काही महिन्यांत वाळतं आणि पुन्हा भरावं लागतं. आपल्या भागात सध्या ट्यूबच सोयीची.

मुळात हवेचा टायर बाजारात आणला तो डनलॉप जनावरांचा डॉक्टर होता. १८८७ मध्ये बेलफास्टला त्याने पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी तो बनवला. तेव्हापासून काटा आणि हवा यांचं भांडण चालूच आहे. त्यामुळे कितीही भारी टायर टाकला तरी सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, दोन प्लॅस्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप असू द्या. आणि बारीक व्हॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी, म्हणजे ॲडॉप्टर, जरूर घ्या. सुपारीपेक्षाही लहान वस्तू, पण तीच असली तर कुठल्याही मोटारसायकलच्या पंक्चर दुकानात हवा भरून मिळते.