स्वमग्न बालकांची तपासणी : प्रतीक्षेत सरणारी वर्षे

दरवर्षी २ एप्रिल हा दिवस ‘जागतिक स्वमग्नता जाणीव दिन’ म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ साली तसा ठराव केला. या दिवशी व्याख्याने होतात, फलक लागतात. परंतु आपले मूल स्वमग्न आहे की नाही, हे कळण्यासाठी सार्वजनिक रुग्णालयांत पालकांना जी वाट पाहावी लागते, तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. ती आईच्या हयगयीमुळे येत नाही की लसीमुळेही येत नाही. लसीवर ठपका ठेवणारा १९९८ सालचा शोधनिबंध संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. वर्षाचे झालेले मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे.

मग वेळ का लागतो? रक्त तपासून वा छायाचित्र काढून स्वमग्नता कळत नाही. मुलाचे निरीक्षण करावे लागते, पालकांशी सविस्तर बोलावे लागते. आधी श्रवणचाचणी होते, मग बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ मूल पाहतात. आपल्या देशात प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी ‘इसा’ ही मोजपट्टीच ४० मुद्द्यांची आहे. असे तज्ज्ञ मोजके, तेही बहुधा मोठ्या शहरांत. प्रत्येक खेपेला रोजंदारी बुडते आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर गरीब कुटुंब येणेच सोडून देते. श्रीमंत इंग्लंडमध्येही ही तपासणी तीन महिन्यांत सुरू व्हावी असा दंडक असताना असंख्य कुटुंबे त्याहून कितीतरी अधिक काळ ताटकळतात.

आपल्याकडे २०१३ साली ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा व सरकारी-अनुदानित शाळांतील मुलांना एकदा तपासतात. शंका आल्यास मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. परंतु आपली अनेक मुले खासगी बालवाड्यांत जातात. तेथे ही पथके पोहोचत नाहीत. अशा पालकांनी स्वतःहून सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

विलंबाची किंमत मोठी आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वाधिक लवचीक असतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा २१ प्रकारांत समावेश आहे. प्रमाणपत्रात किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदले असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. मात्र निदान नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर यांतले काहीच नाही.

तथापि निदानाच्या कागदावाचून सर्वच अडून राहत नाही. श्रवणचाचणी लगेच करून घेता येते. वाचा-उपचारही आधी सुरू करता येतात. मुलाच्या वागण्याच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात, मोबाइलवर लहानशा चित्रफिती काढाव्यात आणि सर्व कागद एका फाइलीत सांभाळावेत. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होतो.

येथे ख्रिस्तसभेचेही कर्तव्य आहे. २०१४ सालच्या नोव्हेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये स्वमग्न मुलांची व त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेतली आणि या कुटुंबांचे एकाकीपण दूर करण्याचे आवाहन केले. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाचे दुःख केवळ आजाराचे नव्हते; त्याला पाण्यापर्यंत नेणारे कोणी नव्हते. आपल्या धर्मग्रामातील एखादी माता आज तशीच एकटी असेल. तिच्यासोबत रुग्णालयात जाणे, अर्ज भरून देणे, तिच्या दुसऱ्या मुलाला दिवसभर सांभाळणे हे आपल्या लघुसमूहांना सहज शक्य आहे. मिस्सावेळी मूल ओरडले तर मागे वळून पाहू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात बसण्यासाठी आणि प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या तयारीसाठी कोणत्याही वैद्यकीय दाखल्याची गरज नाही. सरकारी रांग लहान करणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. देवाच्या घरी मात्र या लेकरांना वाट पाहावी लागू नये, एवढे आपण नक्कीच करू शकतो.