राखणीचा कुत्रा, घरांतील विषें व जोड-औषधें

शेतकऱ्याच्या घरीं जनावरांची मोजदाद होते तेव्हां बैल, गाय, म्हैस, शेळ्या यांचीं नांवें येतात. कुत्र्याचें नांव त्या मोजदादींत सहसा येत नाहीं. वास्तविक खळ्यावरील रास, गोठ्यांतील वासरें आणि वस्तीवरील मुलेंबाळें यांची रात्रीची राखण तोच करतो. महसूल खात्यांत आमचें सारें आयुष्य गेलें. ज्याची नोंद नाहीं त्याची विचारपूस नाहीं, हें आम्हीं तेथें पुष्कळ पाहिलें. कुत्र्याचीही तीच अवस्था आहे. म्हणून शेतावरील घर कुत्र्यास निर्धोक कसें करावें, आणि एकाच गोळींत दोन-तीन औषधें घालून जीं जोड-औषधें तयार होतात त्यांचे गुणदोष कोणते, याचा विचार या लेखांत करावयाचें योजिलें आहे. हे दोन विषय वरवर निराळे दिसले, तरी कोनाड्यांत ठेविलेली गोळ्यांची पट्टी त्यांस एकत्र आणते.

शेतांतील व स्वयंपाकघरांतील विषें

पहिला धोका उंदराच्या औषधाचा. झिंक फॉस्फाईडची काळी पूड पीठ व तेल यांत कालवून ठेवतात. ती पोटांत गेली म्हणजे जठरांतील आम्लामुळें तिच्यापासून फॉस्फीन नांवाचा विषारी वायु निघतो. अशा वेळीं कुत्र्यास भाकरी किंवा दूध देऊं नये, कारण अन्न पडतांच आम्ल अधिक सुटतें व वायूही अधिक निघतो. त्याच्या ओकारींतूनही तो वायु बाहेर पडतो. यास्तव असें जनावर बंद खोलींत न ठेवतां उघड्यावर ठेवावें व माणसांनीं ओकारीचा वास घेऊं नये. दुसरें औषध ब्रोमॅडिओलोन. याची तऱ्हा उलटी आहे. खाल्ल्यावर तीन ते पांच दिवस कुत्रा धडधाकट दिसतो. मग रक्त गोठण्याची क्रिया बंद पडून आंतल्या आंत रक्तस्राव होतो. त्यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, परंतु तो कित्येक आठवडे द्यावा लागतो. औषध खाल्लेलें समजतांच, कुत्रा बरा दिसत असला तरीही, डॉक्टरांकडे जावें.

एरंडीच्या पेंडींत रायसिन नांवाचें तीव्र विष राहूं शकतें. ही पेंड हाडांच्या चुऱ्याबरोबर मिसळून झाडांस घातली, तर कुत्रा वासानें आळें उकरून ती खातो. सोयाबीनवरील गोगलगाईंसाठीं मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकतात. त्या पोटांत गेल्यास कंप सुटून आंचके येतात. फोरेट, म्हणजे आपण ज्यास थिमेट म्हणतों, त्याचा वापर भारत सरकारनें २०२० अखेरपासून बंद केला. तरी जुन्या खोलींत अर्धवट पिशव्या पडून असतात. त्या शोधून काढून कुलपांत ठेवाव्या व नष्ट करण्याविषयीं कृषि अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. फवारणीचे रिकामे डबे तर कुत्र्याच्या पाण्यासाठीं कदापि वापरूं नयेत.

स्वयंपाकघरांतील वस्तूंविषयींही सांगितलें पाहिजे. कांदा व लसूण यांमुळें कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि शिजविल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. शरीराच्या दर किलो वजनास १५ ते ३० ग्रॅम कांदा रक्तांत बिघाड करण्यास पुरेसा होतो. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्यास पाव किलोच्या आंतबाहेर. चाळीजवळ बांधलेल्या कुत्र्यास तेवढा मिळणें अवघड नाहीं. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. त्याचें कारण टार्टारिक आम्ल असावें, असें मत २०२१ सालीं पुढें आलें, व नंतर चिंचेनेंही तसाच अपाय झाल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध झालीं. किती द्राक्षें बाधतील याचा नेम नाहीं. यास्तव बेदाणा वाळविण्याच्या जागीं कुत्रा फिरकूं देऊं नये हेंच उत्तम.

माणसाची गोळी कुत्र्यास नको

आमच्या माहितींतील एका वस्तीवर कुत्रा लंगडूं लागला. घरधन्यानें ताप व अंगदुखी यांवरील माणसाच्या दोन गोळ्या गुळांत घालून त्यास दिल्या. हेतु दयेचाच होता. त्या गोळींत पॅरासिटामॉल व डायक्लोफिनॅक अशीं दोन औषधें होतीं. दुसरे दिवशीं काळी ओकारी सुरू झाली व तिसरे दिवशीं कुत्रा गेला. पॅरासिटामॉल अधिक झाल्यास कुत्र्याचें यकृत बिघडतें. डायक्लोफिनॅक व आयबुप्रोफेन यांनीं जठरास व्रण पडून मूत्रपिंडें दुखावतात. मांजरास तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक होते. डायक्लोफिनॅक खालेल्या गुरांच्या कलेवरांवर गिधाडें मेलीं, म्हणून २००६ सालीं भारतांत तें जनावरांसाठीं बंद करण्यांत आलें, हेंही ध्यानांत ठेवावें. येथें मुख्य मुद्दा असा कीं, गोळी एक दिसते परंतु तींत औषधें दोन असतात, व पट्टीवरील बारीक अक्षरें कोणी वाचीत नाहीं.

जोड-औषध कसें तयार होतें

मग जोड-औषधें वाईटच काय? तसें नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर सामाईक खातेदारांचीं नांवें असतात. प्रत्येकानें आपल्या वांट्याचें काम केलें तर शेत पिकतें. एकजण नुसता नांवापुरता असला, किंवा दोघे एकमेकांच्या आड आले, तर शेत पडीक राहतें. जोड-औषधाचेंही तसेंच आहे.

कुत्र्याच्या जंतांवरील एक प्रसिद्ध गोळी घेऊं. दहा किलो वजनास एक गोळी, असें तिचें प्रमाण. आणि तींत प्राझिक्वाँटेल ५० मिलिग्रॅम, पायरँटेल एंबोनेट १४४ मिलिग्रॅम व फेबँटेल १५० मिलिग्रॅम असतें. प्राझिक्वाँटेल चपट्या जंताची कातडी बिघडवितें. पायरँटेल आंतड्यांतच राहून गोल जंतांस व अंकुशकृमींस लुळे करतें. फेबँटेलचें शरीरांत रूपांतर होऊन तें जंताचें साखर घेणें थांबवितें, व चाबूकजंतावरही चालतें. पायरँटेल व फेबँटेल एकत्र दिल्यानें एकमेकांस बळ मिळतें. तिघांचें काम निराळें आणि तिघेही कामकरी. ही चांगली जोड होय.

आतां वाईट जोड पाहूं. पायपरॅझिन हेंही जंतांचें जुनें औषध आहे. तें जंताचे स्नायु सैल करतें, तर पायरँटेल ते आंखडवितें. दोन्ही एकाच वेळीं दिलीं तर एकाचा गुण दुसरें मारतें. म्हणून दोन चांगलीं औषधें एकत्र केलीं म्हणजे अधिक चांगलें औषध झालें, असें समजणें चूक आहे.

यास्तव जोड-औषध तयार करणारास पुढील गोष्टी सिद्ध करून दाखवाव्या लागतात. प्रत्येक घटकाचें कांहीं निश्चित काम असलें पाहिजे. एकानें दुसऱ्याचा गुण कमी किंवा विषारीपणा अधिक करतां कामा नये. एकाच गोळींत महिनोन्‌महिने राहून घटक बिघडतां कामा नयेत. आणि ज्या जातीच्या जनावरास द्यावयाचें त्याच जातीवर परीक्षा झाली पाहिजे. या परीक्षेंत नेहमींच्या मात्रेच्या तिप्पट व पांचपट मात्रा देऊनही जनावरास काय होतें तें पाहण्याची रीत आहे. अशी कसोटी न लागल्यास काय होतें तें माणसांच्या औषधांवरून दिसलें आहे: भारत सरकारनें २०१६ सालीं ३४४ जोड-औषधांवर बंदी घातली, प्रकरण न्यायालयांत गेलें, व फेरतपासणीनंतर २०१८ सालीं ३२८ जोड-औषधें बंद झालीं.

जातिभेद फार महत्त्वाचा आहे. इमिडाक्लोप्रिड व परमेथ्रिन यांचें जोड-औषध गोचिडांसाठीं कुत्र्याच्या पाठीवर सोडतात. तेंच मांजरास लागलें तर तें आंचके येऊन मरूं शकतें. आयव्हरमेक्टिनचें गुरांचें इंजेक्शन १ मिलिलिटरला ५० किलो वजन या हिशोबाचें असतें. तें थेंबांनीं मोजून कुत्र्यास देणें धोक्याचें आहे. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांस तर जन्मतःच असा दोष असतो कीं, तें औषध मेंदूंत शिरतें. गुरांस औषध पाजतांना सांडलेलें कुत्रा चाटणार नाहीं, याची खबरदारी घ्यावी.

जोड-लस

डिस्टेंपर, यकृतदाह, पार्व्हो इत्यादि रोगांची एकत्र लस पिलास सहा ते आठ आठवड्यांचें असतां प्रथम टोंचतात, व सोळा आठवडे होईपर्यंत पुन्हां टोंचतात. पिसाळ रोगाची लस तीन महिन्यांचे सुमारास देऊन पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें देत राहावी. कुपी २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावी लागते. दुपारच्या एस्टींतून खिशांत आणलेली लस टोंचून समाधान मिळतें, संरक्षण मिळत नाहीं. दोन निराळ्या लशी आपल्या मतानें एका पिचकारींत मिसळूं नयेत.

यांत कुटुंबाचाही जीव गुंतलेला आहे. माणसांस होणारा पिसाळ रोग शंभरांत नव्याण्णव वेळां कुत्र्यापासून येतो, व लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर इलाज नाहीं. चावा होतांच जखम साबण व पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून दवाखाना गांठावा. तसेंच बोकड-मेंढी कापल्यावर फोडांनीं भरलेलें काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढें टाकूं नये. त्यांतील जंत कुत्र्याच्या आंतड्यांत वाढतो, त्याचीं अंडीं विष्ठेंतून बाहेर पडतात, व माणसाच्या पोटांत गेल्यास यकृतांत मोठ्या गांठी होतात. तें मांस खोल पुरावें.

सारांश, चार गोष्टी आजच कराव्या. विषें व औषधें यांसाठीं कुलपाची एक पेटी करून ती उंच ठेवावी. कुत्र्याचें वजन, लशींच्या तारखा व दिलेलीं औषधें यांसाठीं वहींत एक पान राखावें. प्रत्येक पट्टीवरील सर्व औषधांचीं नांवें मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावीं. आणि विषबाधेचा संशय येतांच डबा किंवा पट्टी बरोबर घेऊन निघावें. मीठ पाजून ओकवूं नये, कारण त्यानें दुसरीच बाधा होते. ज्या घरांत ही शिस्त असेल, त्या घरांतील रांगतें मूलही त्याच विषांपासून आपोआप वांचेल, हा लाभ लहान नव्हे.